गोठ्यातला म्हातारा

"…यातलं आधी कुठलं वाचू, तेवढं सांगा."

सबनीस सरांनी चपला काढायच्या आधी हे विचारलं. नमस्कार नंतर केला.

भुजंगबुवा मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशातलं?"

"या तिसांतलं."

तीस पुस्तकं. दोन पिशव्या आणि एक बोचकं. सर मोकळ्या हातांनी टेकडी चढून आले होते आणि पुस्तकं माझ्या डोक्यावरून आली होती. मी म्हणजे केरबा. मठाचा झाडूवाला, स्वयंपाकी, आणि बुवांच्या मते मठाला लागलेला उंदीर. शाळा चौथीपर्यंत. चौथीत दोनदा बसलो, तेव्हा पाचवी धरलीत तरी चालेल.

त्या ओझ्यानं माझी मान आठ दिवस दुखली. पुढं मी जे केलं त्याला हे कारण नाही. पण विसरूही नका.

सरांनी मग बसून रीतसर सांगितलं. खालच्या शहरात मुख्याध्यापक होते, आता निवृत्त. गेली चाळीस वर्षं दर वर्षी शंभर पुस्तकं. त्याची वही आहे. नाव, तारीख आणि पुढं बरोबरची खूण. दिवाळीच्या आत शंभर व्हायचीच. यंदाही झाली. आणि शंभरावं झाल्यावर चार दिवसांत वाचणंच बंद पडलं. आता पौष लागला, तरी एक पुस्तक पुरं झालेलं नाही.

"अक्षरं दिसतात," सर म्हणाले. "आत जात नाहीत."

बुवांनी एक शेंग फोडली. आत किडका दाणा निघाला. तो त्यांनी माझ्या अंगावर फेकला.

सरांनी ठरवून आणलं होतं. पौषात मठाकडं कुणी फिरकत नाही. शांतता असते. रोज एक पुस्तक धरलं तर महिन्याची तीस, आणि महिना संपेस्तोवर गाडी रुळावर. फक्त सुरुवात कुठल्या पुस्तकानं करायची, ते बुवांनी सांगायचं होतं.

"घरी कोण?" बुवांनी विचारलं.

घरी थोरली बहीण. आक्का. वय ब्याऐंशी. अकरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. तेव्हापासून रोज दुपारच्या चहानंतर सर तिला मोठ्यानं वाचून दाखवत. वहीतली निम्मी पुस्तकं अशीच, तिच्यासोबत झालेली.

"मग आता तिला कोण वाचून दाखवतं?"

"कुणी नाही." सरांनी चष्मा पुसला. "मी तिला घसा बसलाय म्हणून सांगून आलोय. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला मनाई केलीय, म्हणून मठात राहतो, असं."

मला हसू आलं. एवढ्या शिकल्या माणसाची एवढीशी थाप. आमच्या चौथीत यापेक्षा दांडग्या थापा मारत.

"आणि तसंही तिला हल्ली भास होतात," सर म्हणाले. "वय झालंय. दिवाळीआधी एक कादंबरी संपवत आणली होती. मध्येच मला विचारते, अनंता, तो गोठ्यात राहिलेला म्हातारा, त्याचं काय झालं रे? मी म्हटलं, आक्का, या पुस्तकात गोठा कुठं आहे?"

"मग?"

"असेल बाबा, म्हणाली."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. गप्प बसून ऐकायची."

बुवांचा हात शेंगेवर थांबला…

मग पुन्हा चालू झाला.

"राहा," ते म्हणाले. "केरबा, कोपऱ्यातली खोली झाडून दे."

"पण बुवा, आधी कुठलं…"

"जे वर असेल ते."

सरांना हे उत्तर आवडलं नाही. एवढं चढून आल्यावर माणसाला निदान एखादं संस्कृत वाक्य तरी हवं असतं.

आता मठातली एक रीत सांगायला हवी. संध्याकाळी दिवा लागला की बुवा पोथी वाचतात. पण एकटे वाचत नाहीत. समोर हुंकार द्यायला एक माणूस लागतो. एक ओवी झाली की त्यानं हं म्हणायचं. हं आला की पुढची ओवी. नाही आला तर वाचणाऱ्यानं अक्षरावर बोट ठेवून थांबायचं. पाऊस येवो, पाहुणा येवो, बोट हलत नाही. गेली तीस वर्षं मठाचा हं माझ्याकडं आहे. अर्थ सगळा कळतो असं नाही. पण हं एक नंबर.

पहिल्या संध्याकाळी सर शेजारी बसले. निम्म्यात मला डुलकी लागली आणि डुलकीतच मी हं म्हणालो. सर हसले. म्हणाले, बुवा, तुमच्याकडं झोपेतला हं चालतो वाटतं.

"चालतो," बुवा म्हणाले. "खोटा नाही चालत."

दुसऱ्या दिवसापासून सरांचं वाचन सुरू झालं. रामफळाच्या झाडाखाली मी त्यांना सतरंजी घातली. पहिलं पुस्तक सतराव्या पानावर मिटलं. दुसरं बाराव्या. तिसऱ्याचं अक्षर बारीक होतं. चौथ्याचा कागद पिवळा होता. पाचव्यात माणसं फार, सहाव्यात माणसंच नव्हती, नुसते विचार. सातव्याच्या वेळी म्हणे माझ्या भाकरीनं पोट जड झालं. आठव्याला झाडावर कावळा होता. नवव्याला कुठलंच कारण सापडलं नाही. तेव्हा मात्र सर उठून ओढ्यावर जाऊन बसले आणि जेवायलाच आले नाहीत.

मग पाच दिवस त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. ओढ्याकाठी जायचं, यायचं. बुवांना रोज विचारायचं, काही उपाय? बुवा रोज त्यांच्यापुढं शेंगांचं सूप सरकवायचे. सर सोलायचे. शाळेत मुलं मोजावीत तसे दाणे बोटानं पुढं ढकलायचे. पण पावटा चांगला सोलत, ते कबूल करायला हवं.

सोळाव्या दिवशी सरांनी बोचक्यातली सगळ्यात जाड कादंबरी काढली आणि आम्हाला दोघांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. आता हेच एक. रोज वीस पानं. कळो न कळो, नांगर चालत राहिला पाहिजे.

आणि चालला. पहिल्या दिवशी वीस पानं. दुसऱ्या दिवशी एकविसापासून चाळिसापर्यंत. तिथं मोरपीस ठेवलं, पुस्तक मिटलं, आणि संध्याकाळी छाती काढून बुवांना सांगितलं, आज वीस झाली.

इथं माझ्या मानेनं उचल खाल्ली म्हणा, नाही तर माझ्या स्वभावानं.

सर रोज दुपारी ओढ्यावर अंघोळीला जात. तासभर येत नसत. मी मोरपीस उचललं आणि वीस पानं मागं ठेवलं. बस्स. एवढंच. मला वाटलं, उद्या पहिल्याच ओळीला ओरडतील. मग मी रामफळामागं लपून हसणार.

दुसऱ्या दिवशी सर बसले. एकविसापासून चाळिसापर्यंत वाचलं. पानं नीट उलटली, मध्ये दोनदा मानही हलवली. संध्याकाळी बुवांना सांगितलं, आज वीस झाली.

मी तोंडात उपरणं कोंबून हसलो.

तिसऱ्या दिवशीही तेच. मी पीस मागं, सर पुन्हा पुढं. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मला हसू आलं नाही. आणायचा प्रयत्न केला, पण आलं नाही. एखाद्याची खोडी काढावी आणि त्या जागी माणूसच नसावा, तसं झालं.

पण थांबताही येईना. कारण दुसरं होतं. पीस ठेवता ठेवता मी ती पानं वाचायला लागलो होतो.

माझं वाचन म्हणजे अक्षरावर बोट, ओठ हलते. तासात दोन पानं. दहा दिवसांत वीस झाली. आयुष्यात एवढं सलग मी कधी वाचलं नव्हतं. अकराव्या दिवशी पीस ठेवून झालं आणि मी जाऊन बुवांचे पाय धरले. सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, बुवा मठातून काढतील. त्यांनी विचारलं, "त्या वीस पानांत आहे काय?"

मी सांगितलं. एक भिवा म्हणून माणूस आहे. त्याच्या आईला हीव भरलंय, तिला ऊन पाणी हवंय.

"हं."

बायकोनं चूल पेटवलीय, पण घरात पाणी नाही. भिवा घागर घेऊन निघतो. वाटेत कुणाची तरी गाडी अडकलेली, तिला हात लावतो. पुढं त्याला आठवतं, लहानपणी तापात आईनं त्याला कसं धरलं होतं.

"हं."

मग विहिरीवर पोचतो. घागर सोडायला वाकतो, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारतं.

"कुणी?"

"पान संपलं."

"उलटायचं की."

"सर अजून तिथवर पोचले नाहीत, बुवा. मी पुढं कसा जाऊ?"



"म्हणजे या महिन्यात मठात एका माणसाचं वाचन झालं," बुवा म्हणाले. "उद्यापासून पीस हलवू नकोस."

ही शिक्षा होती की शाबासकी, मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ओसरीवर आले ते निघायच्या तयारीनंच. महिना संपायला दोन दिवस होते. पण त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुस्तकं मठातच राहू देत. घरचीही गाडी करून पाठवतो, कपाटांसकट.

"आणि आक्का?" बुवांनी विचारलं.

"तिला सांगतो, आवाज कायमचा गेला."

"मग?"

"मग काय. ती तिच्या खोलीत, मी माझ्या." सर दाराकडं बघत म्हणाले. "या वयात माणसं तशीच राहतात, बुवा."

त्यांनी एक चप्पल पायात घातली. दुसरी मी धरून ठेवली आणि सांगून टाकलं. पीस, वीस पानं, अकरा दिवस. मान दुखली होती तेही सांगितलं, जमलं तर बोलणी थोडी कमी पडतील म्हणून.

सर लाल झाले. पण माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांना ते पटलंच नाही. म्हणाले, अकरा दिवस शक्यच नाही. एखाद्या दिवशी हा हलवत असेल. मी चाळीस वर्षं वाचतोय, मला कळलं असतं.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

"पाणी आणायला कोण गेलं?"

"कुठं?"

"पुस्तकात."

सर हसले. मुख्याध्यापक पोराचं उत्तर चुकल्यावर हसतात, तसे.

"बुवा, या पुस्तकात पाणी कुठं आ…"

वाक्य तिथंच राहिलं.

रामफळावर कावळा होता. तोही गप्प होता…

सर हळूच पायरीवर बसले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. पाठमोरा तो माणूस मला एकदम चौथीतल्या पोराएवढा दिसला.

"गोठा होता," ते म्हणाले.



मग सरांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. ते शंभरावं पुस्तक होतं. दिवाळीला आठ दिवस राहिले होते. ते वाचत होते तोंडानं, आणि मनात पानं मोजत होते. तो म्हातारा गोठ्यात राहिला, हे त्यांच्याच तोंडून आक्कानं ऐकलं होतं. पुढं त्याचं काय झालं ते ज्या पानांत होतं, ती त्यांनी सरळ गाळली. साठ पानं असतील. आक्काला दिसत नाही, तिला काय कळणार.

"तिला सगळं कळतं," सर म्हणाले. "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझी शाळा चालू राहावी म्हणून तिची दुसरीत सुटली. मी धडा मोठ्यानं वाचायचो आणि ती भाकऱ्या थापायची. तिला लिहिता येत नाही नीट, पण मी चुकलो की भाकरी थांबायची."

एवढं बोलून त्यांचा घसा खरंच बसला.

बुवांनी आत जाऊन ती जाड कादंबरी आणली. मोरपीस होतं तिथं उघडली आणि सरांच्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

सरांनी वाचायला सुरुवात केली. चुलीवर रिकामं भांडं होतं. कोपऱ्यात म्हातारी हिवानं कुडकुडत होती. भिवानं घागर उचलली. पहिल्यांदाच कुणी मला ते न अडखळता वाचून दाखवत होतं. काय सांगू तुम्हाला, ती घागर मला दिसली. काठाशी पोचा आलेला होता. पुस्तकात पोचा नाही, मी नंतर शोधला.

पहिला परिच्छेद संपला आणि सर थांबले.

बोट अक्षरावर तसंच.

हं माझ्या ओठांवर आला होता. तीस वर्षांची सवय. बुवांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तो गिळला. आजवर गिळलेल्या गोष्टींत तो सगळ्यात जड.

"का थांबलात?" बुवांनी विचारलं.



"इथं आक्का हं म्हणायची," सर म्हणाले. "प्रत्येक परिच्छेदाला. अकरा वर्षं. त्या दिवसानंतर नाही म्हणाली. मी चार दिवस तसंच वाचलं."

"हं नसताना?"

"हो."

"चार दिवस चाललं?"

"तिसऱ्या दिवसापासून अक्षरं आत जाईनात."

मी चप्पल त्यांच्या पायापाशी ठेवली. त्यांनी ती घातली नाही.

पुस्तकं पुन्हा माझ्याच डोक्यावरून खाली जायची होती, हे मी तेवढ्यात ओळखलं. तशी ती गेलीही. एकोणतीस. तिसावं सरांनी माझ्या हातात दिलं, मोरपिसासकट. मागून हाक कुणी मारली ते आता मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या मानेला काही झालेलं नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा सर अजून पायरीवरच होते.

"बुवा, ती विचारेल, घसा बरा झाला का. काय सांगू?"

"बरा झालाय का?"



"ते पुस्तक घरी आहे," सर म्हणाले. "ती साठ पानं मी तिला आता नीट वाचून दाखवतो. पहिल्यापासून वाचतो."

बुवांनी नकाराची मान हलवली. सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"तिलाच विचारा."

"काय?"

"गोठ्यातल्या म्हाताऱ्याचं काय झालं ते."

"तिला कसं ठाऊक असणार? मी वाचलंच नाही तर तिनं…"

"तीन महिने झाले. तुम्ही त्याला गोठ्यात सोडून आलात. तिनं नाही सोडला."

सरांनी पुस्तक मिटलं. मग उघडलं. मग पुन्हा मिटलं. त्यांच्या चष्म्याच्या काचेवर काहीतरी पडलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आणि ती सांगायला लागली…" ते म्हणाले, "तर मी काय करू? माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, बुवा."

बुवांनी एक शेंग उचलली, उन्हाकडं धरून आतले दाणे पाहिले.

"बसल्या घशानंही हं म्हणता येतं."